चुगलखोर पांढरा

माझ्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू बाहेरून रंगवली नसावी, अशी माझी खात्री आहे. पनवेलजवळ विचुंब्याला त्यांच्या इमारतीत मी भाड्याने राहायला गेले, त्या दिवशी टेम्पोवाला सामान उतरवायलाच तयार होईना. "मॅडम, आधी बांधकाम तर पुरं होऊ द्या," म्हणाला. बांधकाम पुरं होऊन बरीच वर्षं झाली होती. फक्त बाहेरून रंगाचा एक हात मिळाला नव्हता. भिंतींवर शेवाळ, पावसाचे ओघळ आणि एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप असा सगळा थाट होता.

आत मात्र वेगळीच तऱ्हा. कपाटांची आतली बाजू, ओट्याखालची पोकळी, ड्रॉवरची पाठ, माळ्याचं छत, विजेच्या मीटरच्या पेटीचं पोट, सगळं पांढरंशुभ्र. माझी टपालाची पेटी बाहेरून गंजून गेली होती आणि आतून अशी चकाचक, की तिच्यात पत्र टाकताना पोस्टमनला संकोच वाटावा.

"पेटीला आतून रंग कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आत झुरळ शिरलं तर दिसेल."

"दिसून मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा, पहिला मजला. दाखवणं माझं काम."

'पहिला मजला' म्हणजे मी. भाडेकरूंना ते नावाने हाक मारत नसत. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना 'दुसरा मजला' म्हणत आणि त्यांच्या बायकोला 'दुसऱ्या मजल्याच्या वहिनी'. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बाहेरचे लोक 'पेंटर काका' म्हणत. ते मात्र त्यांना खपत नसे. "पेंटर पाट्या रंगवतो," असं तोंडावर सांगून ते निघून जात. आपण काय करतो, हे मात्र ते कधी सांगत नसत. समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा असायची.

उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा सदरा. ते यायच्या आधी थिनरचा वास यायचा. पँटच्या डाव्या खिशात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि एक बारकी बॅटरी. उजव्या खिशात थिनरची चिंधी. कुणाकडेही गेले की हा माणूस आधी टेबलाखाली आरसा घालायचा आणि मग 'कसे आहात' विचारायचा. हयातभर एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये त्यांनी विमानांची पोटं रंगवली होती. स्वतः विमानात बसले ते एकदाच, सवलतीच्या तिकिटावर. उतरताना त्यांनी हवाईसुंदरीला खाली वाकून सांगितलं म्हणे, की पुढच्या रांगेतल्या टेबलाची खालची बाजू कुणीतरी तशीच सोडून दिली आहे. तिने 'थँक यू सर' म्हटलं, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "डाग कुणाचा?"

जिन्यावर चहा सांडो, भिंतीला हात लागो, दोरीवरच्या चादरीवर कावळा काही करून जावो. काका खिशातून खडू काढायचे, डागाभोवती गोल करायचे आणि विचारायचे, "डाग कुणाचा?" जोवर कुणी 'माझा' म्हणत नाही, तोवर तो डाग पुसायची कुणाला परवानगी नसे. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीतल्या लोणच्याच्या बरणीने जिन्यात तेल गाळलं. संध्याकाळपर्यंत त्या थेंबांभोवती खडूची वर्तुळं, आणि काका पायरीवर बसलेले. जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण ती ओलांडून जात होता. शेवटी आई खाली गेली आणि म्हणाली, "माझा आहे हो. कैरीच्या लोणच्याचा." तिला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. काका फक्त "झालं," म्हणाले, आणि चिंधी काढून त्यांनी स्वतः सगळा जिना पुसून दिला. रागबिग काही नव्हता. त्यांना फक्त डागाचा धनी लागायचा. आईने मात्र त्यानंतर माझ्याकडे लोणचं आणणं बंद केलं, ते आजपर्यंत.

काकू उरणकडच्या, कोळ्यांच्या. काका पनवेल गावातले, भटाबामणाच्या घरातले. हे लग्न जमलं कसं, याबद्दल काकांचं म्हणणं इतकंच, की आपण काकूंच्या वडिलांची होडी रंगवायला गेलो होतो. पुढचं काकू सांगायच्या. "होडी भायेरशी रंगवाची व्हती. यानी सगली आतून रंगवली. माजा बापूस म्हनाला, येडा हाय, पन मेहनती हाय." एवढं सांगून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि काका बांगड्याचे काटे काढत खाली मान घालून बसायचे.

या दोघांचं एक युद्ध चालायचं, आणि त्यात कधी कुणी एक शब्द बोलत नसे. तळमजल्याच्या गाळ्यात काका रंगकाम घ्यायचे. इस्पितळाची यंत्रं, पाण्याचे पंप, कुणाच्या जुन्या मोटारीचे भाग. काम पूर्ण होऊन माल बाहेर निघायच्या दिवशी काकू देवघरातला करंडा घेऊन खाली यायच्या आणि त्या वस्तूला, बाहेरून, सगळ्यांना दिसेल असं कुंकवाचं बोट लावायच्या. त्या वळल्या की काका उजव्या खिशातून चिंधी काढून ते पुसायचे. काकूंना हे ठाऊक होतं. काकूंना ठाऊक आहे हे काकांना ठाऊक होतं. "कुंकू लावलं म्हणून पंप काही उपास धरत नाही," असं ते मला सांगायचे, पण काकूंच्या माघारी. तोंडावर बोलायची टाप नव्हती.

उघड भांडण एकच होतं, गाळ्याचं. काकूंना तिथे मसाला कांडायचं मशीन घालायचं होतं. त्यांच्या हातच्या मसाल्यासाठी खांदा कॉलनीतून बायका यायच्या. ते सगळं तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या राहत्या घराच्या स्वयंपाकघरात, दोन तव्यांवर चालायचं. मिरच्या भाजायला घेतल्या की तिन्ही मजले खोकायचे. "मना गाला द्या," काकू म्हणायच्या. "तुमचा वय झाला आता. हात कापतान." काका म्हणायचे, माझ्या रंगाबद्दल आजवर एक तक्रार आलेली नाही. शेवटी एके दिवशी काकूंनी आम्हा भाडेकरूंना साक्षीला ठेवून जाहीर केलं, की ज्या दिवशी यांच्या रंगाची पहिली तक्रार येईल, त्या दिवशी गाळा त्यांचा. काकांनी मान्य केलं. तोऱ्यात केलं. गाळा गेला असता तर हा माणूस दिवसभर काय करणार होता, कुणास ठाऊक. बहुतेक आमच्या पलंगांखाली शिरला असता.

या सगळ्यात विमान कसं आलं ते सांगते. खांदा कॉलनीत एक दातांचे डॉक्टर होते. काकांच्या खिशातला आरसा त्यांनीच दिलेला. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारा माणूस म्हणून काकांना त्यांच्याबद्दल आदर होता. डॉक्टरांना विमान चालवायचा नाद होता आणि घाटावरच्या एका लहानशा धावपट्टीवर त्यांचं चार माणसांचं, नाकावर पंखा असलेलं विमान उभं असायचं. माझं रूट कॅनाल त्यांनीच केलं होतं, त्यामुळे या विमानात माझाही थोडा वाटा आहे असं मी मानते.

त्या विमानाच्या इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, आतून काळंकुट्ट झालं होतं आणि त्याचे पोपडे सुटत होते. पोपडा इंजिनात ओढला गेला तर पंचाईत. तिथली इंजिनिअर मुलगी म्हणाली, हे आतून नव्याने रंगवल्याशिवाय चालणार नाही. आतून रंगवायचं म्हटल्यावर डॉक्टरांना दुसरं नाव कुठलं आठवणार?

काकांना ही बातमी कळली तेव्हा ते जेवत होते. हात न धुता माझ्या दाराशी आले. "पहिला मजला, गाडीला कॅरिअर आहे ना?"

काका गाडी चालवत नसत. रस्त्यावर समोरून लोक येतात, हे त्यांना पटत नव्हतं. तेव्हा घाट चढून ते झाकण आणायचं काम माझ्यावर आलं. माझीच गोधडी खाली अंथरून, दोरीने बांधून आम्ही ते गाडीच्या टपावर चढवलं. पुढे दोन भोकं, मध्ये खोलगट, असं ते प्रकरण. गणपती चार दिवसांवर आलेले. पळस्पे फाट्यावर हवालदाराने हात केला. मी काच खाली घेतली. "काय हाय वर?" काका म्हणाले, "काउलिंग." हवालदाराने एकदा वर बघितलं, एकदा काकांकडे. "मखर काय? आवंदा साधंच केलंय. जा, जा, मोरया." काका पुढे घरापर्यंत फुरंगटून बसले होते, साधंच म्हटल्याबद्दल.

गाळ्यात आल्यावर त्यांनी ते उलटं ठेवलं आणि आठवडाभर फक्त धुतलं. साबण, थिनर, पुन्हा साबण. कोपऱ्यांतलं तेल निघावं म्हणून दात घासायचा ब्रश वापरला. तो काकूंचा निघाला. त्यावरून झालेलं भांडण दुसऱ्या मजल्याच्या वहिनींनी गॅलरीत खुर्ची घेऊन ऐकलं.

"पण पांढराच का?" मी विचारलं. करडा दिला तर मळणार नाही, असं मला आपलं गृहिणीबुद्धीने वाटलं.

"मळलेलं दिसावं म्हणूनच," काका म्हणाले. "इंजिन महा खोटारडं असतं. बाहेर आवाज गोड काढतं आणि आतल्या आत गळतं. पांढऱ्यावर थेंब पडला की लपत नाही. पांढऱ्यासारखा चुगलखोर रंग नाही जगात." मग मला शिकवणी. काळपट थेंब म्हणजे इंजिनाचं तेल. निळसर म्हणजे विमानाचं पेट्रोल. "आणि लाल म्हणजे ब्रेकचं तेल. त्याचा डबा इथे, मागच्या भिंतीवर असतो. त्याच्याखाली, या मागच्या कोपऱ्यात, लाल ओघळ दिसला की विमान जागचं हलवायचं नाही."

"ब्रेक हवेत कशाला लागतात?"

"हवेत नाही लागत. उतरल्यावर लागतात. नाहीतर विमान थेट पलीकडच्या उसात."

पहिला हात देऊन झाला आणि काकूंची तब्येत बिघडली. जिना चढताना दम लागायचा, त्याला त्या मिरच्यांचा ठसका म्हणून हसण्यावारी न्यायच्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक झडप आवळली आहे, बदलावी लागेल, आणि थांबून चालणार नाही. पनवेलच्याच इस्पितळात दाखल केलं. झडप म्हटल्यावर काका सर्जनच्या अंगावरच गेले. झडप कसली, बसवणार कशी, बसवल्यावर ग्राउंड रन घेणार की नाही. "म्हणजे सुरू करून बघणार की नाही?" सर्जन भला माणूस. म्हणाला, "घेणार. सुरू करूनच बाहेर पाठवतो." काकांनी त्याच्या टेबलाखाली आरसा घातला नाही. मी बघत होते. हात खिशाकडे गेलाच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी काकूंना आत नेलं. बाहेर काकूंचे भाऊ, त्यांच्या घरच्या दोन बायका, आणि मी. काका बाकड्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मी चहा आणायला गेले आणि येऊन बघते तर नाहीत. फोन उचलेनात. काकूंचे भाऊ बंदरावर काम करणारे, आवाज समुद्रावरचा. "कुठं गेला आमचा पावना?" त्यांनी सगळ्या मजल्याला विचारलं.

दुपारी पावणे परत आले. भुवयांवर पांढरे ठिपके, हात घासघासून लाल. विचुंब्याला जाऊन, गाळा उघडून, काउलिंगला दुसरा हात देऊन आले होते.

"माजी भैन टेबलावर, आनि यो बाबा झाकनाला रंग मारून आला!" भाऊ उठून उभेच राहिले.

"पहिला हात पुरता कडक झाला की दुसरा धरत नाही," काका खाली बघत म्हणाले. "वेळ झाली होती."

माझंही डोकं फिरलं. विक्षिप्तपणाला आपण हसतो, कौतुकाने चार लोकांना सांगतो, पण त्याला काही मर्यादा. त्या बायकांनी तोंडं फिरवली. भावांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं. ऑपरेशन नीट झालं, झडप छान बसली, काकूंनी शुद्धीवर येताच मिरच्या कुणी झाकल्या का विचारलं. तरी काकांना कुणी माफ केलं नाही. काकूंना कुणी हे सांगितलं नाही, एवढंच. काउलिंग टेम्पोने परस्पर घाटावर गेलं. काकू इस्पितळात असल्यामुळे या खेपेला करंडा खाली आला नाही आणि चिंधीलाही काम पडलं नाही.

काकू घरी आल्या. जिना चढायला नको म्हणून तळमजल्याच्या पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची मांडली. नवरात्र बसलं. आणि दसऱ्याला दोन-तीन दिवस असताना सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका चढला होता, की काकांच्या कानाला लागलेला फोन मला जिन्यात ऐकू येत होता. आज आईला विमानातून फिरवायचं ठरलं होतं, इंजिन सुरू करून बघितलं, झाकण उघडलं, तर तुमच्या पांढऱ्या रंगावर लाल ओघळ. एकतर ब्रेकचं तेल गळतंय, नाहीतर तुमचा रंग सुटतोय.

काकू खुर्चीतून म्हणाल्या, "तक्रार आली काय?"

"अजून ठरलेलं नाही," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पहिला मजला, गाडी काढा."

घाटभर ते काकूंच्या मसाल्यावर घसरत होते. गाळ्याच्या माळ्यावर मसाल्याचे डबे कुणी ठेवले होते? झाकणं घट्ट नव्हती. ओल्या रंगावर भुकटी उडाली असणार. "हा घातपात आहे," ते म्हणाले. "गाळ्यासाठी ही बाई कुठल्याही थराला जाईल." हृदयाचं ऑपरेशन झालेली बाई मुद्दाम मसाला कशी उडवेल, असं मी विचारलं. "आधीच उडवून ठेवला असेल," म्हणाले. मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

धावपट्टीवर देखावा असा होता. विमान उघडं. डॉक्टरांच्या आई सावलीत खुर्चीवर, नवी पैठणी, केसांत गजरा, मांडीवर डबा. डॉक्टर फेऱ्या मारतायत. आणि ती इंजिनिअर मुलगी विमानाच्या चाकाशी हात बांधून उभी. ब्रेकच्या नळीचा जोड मागच्याच आठवड्यात तिने आवळला होता. ओघळ बरोबर त्याच्या खाली होता, मागच्या कोपऱ्यात. बोटाला लावला तर तेलकट. आणि लाल.

"डब्यात तेल कमी झालेलं नाही, पण मी रिस्क घेणार नाही सर," ती म्हणाली. "माझी सही आहे. विमान सोडणार नाही."

"मग जोड नीट का नाही आवळला? आईला सकाळपासून ताटकळत ठेवलंय. तुमच्या वरिष्ठांशीच बोलतो मी आज."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तसूभर हलली नाही.

काका झाकणात वाकले. आरसा घातला, बॅटरी लावली. मग ओघळाला बोट लावून नाकाशी नेलं. मसाला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिखटाचा वास त्यांना तीन मजले ओलांडून यायचा. ते पुन्हा वाकले. ओघळ कुठून सुरू झाला ते आरशाने शोधत वर वर गेले, आणि एका जागी थांबले. मी आपली वाट बघत होते, की आता खिशातून खडू निघणार आणि आता तो प्रश्न येणार. खडू निघाला नाही. प्रश्नही नाही.

"डॉक्टर, तिला बोलू नका," ते म्हणाले. "ब्रेकचं नाही ते. कुंकू आहे. इंजिनाच्या वाफाऱ्याने तेल धरून वितळलंय."

"कुंकू? आत कोण लावेल कुंकू?"

मला वाटलं, काकू. मग आठवलं, काकू तर इस्पितळात होत्या.

"मी लावलं," काका म्हणाले.

डॉक्टर आधी हसले, मग थांबले. ती मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पण काका, नेमकं त्या कोपऱ्यात? वर ब्रेकचा डबा असतो, लाल म्हणजे ब्रेक, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"त्या दिवशी माहीत नव्हतं," काका म्हणाले.

म्हणजे बायकोला आत नेल्यावर हा माणूस बाकड्यावर बसू शकला नाही. घरी गेला, रंगाचा दुसरा हात दिला, तो हाताला लागेनासा होईपर्यंत थांबला, वर जाऊन काकूंच्या देवघरातला करंडा आणला, आणि कुणालाही दिसणार नाही असा कोपरा शोधून त्यांच्या वतीने बोट लावलं. सगळ्या झाकणात लाल रंगाला मज्जाव असलेली ती एकच जागा होती, आणि ते स्वतःच मला ती दाखवून गेले होते. मला तिथे धावपट्टीवर उभ्या उभ्या रडू आलं. डॉक्टरांच्या आईंनी मला डब्यातला लाडू दिला.

मुलगी तरीही म्हणाली, की जोड उघडून बघितल्याशिवाय विमान सुटणार नाही. "बघ, बघायलाच हवं," काका म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा तरतरी आली. त्या दिवशी विमान उडालं नाही. आजी म्हणाल्या, मला तसंही वर जायची काही घाई नाही. मग सगळ्यांनी तिथेच लाडू संपवले.

परतताना घाट उतरलो तेव्हा मी म्हटलं, काकूंना सांगायचं कारण नाही, डॉक्टरांची तर काही तक्रार उरलेली नाही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लोणच्याचा डाग गुपचूप पुसायला सांगतेय.

काकू खुर्चीतच होत्या. "काय जाला?"

"तक्रार आली," काका म्हणाले.

"कसली?"

"आत लाल डाग."

"माजा मसाला उडला?" काकूंचा चेहरा पडला. गाळा मिळवायचा होता, पण असा नाही.

"नाही. कुंकू."

"मी तं हास्पिटलात व्हते."

काकांनी गाळ्याच्या किल्लीचा जुडगा काढला, त्यातली किल्ली काही केल्या सुटेना, तेव्हा अख्खा जुडगाच काकूंच्या मांडीवर ठेवला. काकू त्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. भुवयांवरचे पांढरे ठिपके, भावांनी धरलेला अबोला, सगळंच त्यांना आत्ता कळत होतं.

"आवो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मंग आत कशाला लावलात? भायेर लावाचा."

काका दाराकडे तोंड करून उभे होते. "बाहेर लावलं असतं तर पुसावं लागलं असतं," म्हणाले.

गाळा काकूंनी घेतलाच. दया वगैरे दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मिरच्या भाजायला मना केलं होतं, तर खुर्चीत बसून दुसऱ्यांकडून भाजून घेईन म्हणाल्या, नवी झडप काय घरात बसवून ठेवायला आणली? मशीन भावांनी केव्हाचं उरणला ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं होतं. ते दसऱ्याच्या सकाळी आलं. काकांनी आदल्या दिवशी त्याला आतून पांढरा रंग देण्याची परवानगी मागितली होती. काकूंनी सांगितलं, की पोटात जायच्या वस्तूत तुमचा रंग नको. गाळ्याच्या शटरला आतून मारा.

पूजेला सगळी इमारत जमली. झेंडूचं तोरण, नारळ, समई. भटजींनी काकूंकडे करंडा दिला. काकूंनी तो तसाच काकांपुढे धरला.

"लावा," त्या म्हणाल्या. "सगल्यांदेखत. भायेरशी."

काका एरंडेल प्यायल्यासारखे पुढे झाले. दुसऱ्या मजल्याच्या वहिनी मोबाइल धरून उभ्या. काकूंचे भाऊ दाराशी हाताची घडी घालून उभे होते, ते जरा पुढे सरकले. काकांनी बोट बुडवलं आणि मशीनच्या कपाळावर, अगदी मधोमध, कुंकू लावलं. टिळा सरळ आला. मग दोन पावलं मागे येऊन त्यांनी तो नीट बघितला, आणि जुन्या सवयीने उजवा हात खिशात गेला.

खिसा रिकामा होता. त्यांनी डावा खिसा चाचपला, सदऱ्याचा चाचपला, मग वर बघितलं. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पदराआडून चिंधीचं टोक बाहेर आलं होतं, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या, "डाग कुनाचा?"

"माझा," काका म्हणाले.